मालनबाईचं भुताचं पुस्तक

मी 'पाताळवेळा' बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. मी अद्भुत आणि भयकथांचा एक जाडजूड संग्रह आहे. काळं कव्हर, आत पिवळसर पानं आणि प्रत्येक कथेच्या तोंडाशी शाईनं काढलेलं एक पानभर चित्र. जामखेडच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथं मात्र या भारदस्त नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. तिथं मी 'भुताचं पुस्तक' होतो. "मालन, ते भुताचं पुस्तक ठेव बाजूला आन् भाकरी वाढ," एवढीच माझी ओळख.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. माझ्यातल्या कथा निरनिराळ्या लेखकांच्या, पण चित्रं सगळी एकाच हाताची. त्या चित्रकाराला मी कधी पाहिलं नाही. त्याच्या रेघा तेवढ्या माझ्या अंगावर आहेत. केसाएवढ्या बारीक रेघा त्यानं एकीवर एक अशा काढल्यात की कागदावर काळोख साचून राहिलाय, आणि त्या काळोखातून कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटतं. बांधणी करणाऱ्या बायका माझी पानं जुळवताना चित्रं पालथी घालायच्या. "सकाळच्या पारी नको गं बाई हे ध्यान," म्हणायच्या.

पुढं नगरच्या एका पुस्तक प्रदर्शनात मला टेबलावर मांडलं. लोक यायचे, मला उचलायचे, एखादं चित्र बघायचे आणि चटका बसल्यासारखे खाली ठेवायचे. "असलं घरात नको," हे मी तिथं इतक्यांदा ऐकलं की आपण कुणाच्या घरात जायच्या लायकीचेच नाही असं मला वाटायला लागलं.

मग मालनबाई आली. तिचा नवरा रंगनाथ जामखेडला फोटो स्टुडिओ चालवायचा. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी तो नगरला आला होता आणि ती त्याच्याबरोबर. तो दुकानात अडकला तेवढ्यात ही एकटीच प्रदर्शनात शिरली. विक्रेत्यानं तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, लोणच्या-पापडाची पुस्तकं त्या बाजूला आहेत."

तिनं मला उघडलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, "लोनचं मला येतंय. ह्यात खरी भीती हाय का नुसतंच बोंबलनं?"

विक्रेता हसला. तिनं मला छातीशी धरलं ते घरी जाईपर्यंत सोडलं नाही.

मालनबाईचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत तिचं लहानपण गेलं. संध्याकाळी चुलीपुढं एखादी म्हातारी भुताखेताच्या गोष्टी सांगायची आणि पोरं एकमेकांना चिकटून बसायची. भीती वाटली की कुणीतरी जवळ ओढून घेतं, हे तिला तिथं कळलं. म्हणून तिला भीती आवडायची. शाळा तिची सातवीपर्यंतच झालेली, पण वाचायची तहान मोठी होती. दुपारी भांडी झाली की मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ती मला मांडीवर घ्यायची आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. घाबरायची जागा आली की श्वास रोखायची. मग हळूच पान उलटायची आणि स्वतःशीच म्हणायची, "आता गं बया!"

माझ्या कडांना तिच्या हळदीचे डाग आहेत. एका कथेवर चहा सांडलेला आहे. एका पानात तिनं खूण म्हणून घातलेली तांबडी लोकर अजून आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. टेबलावर कोरं पडून राहण्यापेक्षा ते बरं.

शेजारी मलिका राहायची. तिला मराठी वाचता यायचं नाही, पण ऐकायची हौस दांडगी. मालनबाई मधल्या भिंतीवरून तिला माझ्यातल्या गोष्टी सांगायची. मूळ कथेत नसलेली एक-दोन मुडदे त्यात वाढवून. मलिका म्हणायची, "मालनताई, तुमी बंद करा, मला आज वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जायचंय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीशी हजर.

रंगनाथ मला वाचायचा नाही. तो फक्त चित्रं बघायचा. फोटोवाला माणूस, त्याला रेघांतलं कळायचं. "ह्या गड्याला उजेड कुठं ठेवायचा ते म्हाईत हाय," तो म्हणायचा. "तेवढा ठिपका पांढरा सोडलाय म्हनून तर बाकीचं काळं अंगावर येतंय." बायकोच्या नादाला तो हसायचा, पण जेवण थोडं उशिरा मिळालं तरी वाचताना तिला कधी उठवायचा नाही.

त्यांची मुलगी सुरेखा संगमनेरला दिली होती. मोबाईल आले, स्टुडिओत लोक यायचे थांबले, रंगनाथनं शटर ओढलं. दोघंच उरली. मी मधे पडलेला असायचो. असं किती चांगलं चाललं होतं, हे मला नंतर कळलं.

तिला काहीतरी होतंय हे सगळ्यात आधी मला समजलं. रंगनाथला नाही, सुरेखाला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. मला.

एका दुपारी तिनं एक कथा वाचली, श्वास रोखला, पान उलटलं, "आता गं बया" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीच कथा पुन्हा काढली. मला नवल वाटलं नाही; आवडत्या कथा ती परत वाचायचीच. पण आवडती कथा परत वाचणाऱ्याचं बोट वेगळं चालतं, पुढचं ठाऊक असल्यासारखं. तिचं बोट तसं चाललं नाही. ते नव्यानं अडखळलं, त्याच जागी थबकलं, त्याच जागी तिचा श्वास पहिल्यांदाच थांबावा तसा थांबला. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग ती एक पान वाचून उलटायची आणि ओळ लागत नाही म्हणून मागं यायची, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शेवटी मला मिटून मांडीवर ठेवायची आणि परसातल्या तुळशीकडं बघत राहायची.

मला ओरडावंसं वाटायचं. पण पुस्तकाला उघडल्याशिवाय तोंड नसतं, आणि उघडलं तरी छापलंय तेवढंच बोलता येतं.

पुढचं सगळ्यांना दिसलं. दुधाचं पातेलं कोळसा झालं. ती मलिकाकडं जायला निघाली आणि एसटी स्टँडवर सापडली. सुरेखा आली, नगरला डॉक्टरांकडं नेऊन आणलं. परत आल्यावर रंगनाथ माझ्याजवळच्या खाटेवर बसला आणि सुरेखाला म्हणाला, "बरं न्हाई व्हायचं म्हनत्यात, आसंच ना?"

"दादा, सांभाळायचं म्हणतात. जे आवडतं ते करू द्या म्हणतात."

"तिला काय, हे भुताचं पुस्तक आवडतंय."

"मग वाचून दाखवा."

रंगनाथनं आयुष्यात पेपरातल्या मथळ्यांपलीकडं काही वाचलं नव्हतं. त्यानं चष्मा पुसला आणि माझं पहिलं पान उघडलं. वाचन त्याचं ओबडधोबड. जोडाक्षर आलं की चाक खड्ड्यात गेल्यासारखा थांबायचा. पण आवाज धीराचा होता. मालनबाई त्याच्या खांद्याला टेकून ऐकायची आणि घाबरायची जागा आली की त्याचा दंड धरायची. तो एका हातात मला धरायचा, दुसरा हात तिच्या हातावर ठेवायचा आणि पान उलटायला हनुवटी वापरायचा. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. मी ज्यासाठी छापला गेलो होतो ते तेव्हा घडलं.

माझ्यात 'परतलेला' नावाची एक कथा होती. एका वस्तीवरचा माणूस हरवलेली म्हैस शोधायला ओढ्यात उतरतो आणि दिवेलागणीला घरी येतो. तेच कपडे, तोच आवाज. पण बायकोला कळतं की आलंय ते दुसरंच काहीतरी. मग ती त्याला प्रश्न विचारते. फक्त नवऱ्यालाच ठाऊक असतील असे. एका प्रश्नाला ते चुकतं. ती दार लावून घेते, आणि ते दाराबाहेर बसून तिच्या नवऱ्याच्या आवाजात रडत राहतं. कथेच्या चित्रात दारात उभा असलेला एक पुरुष होता. मुंडासं, बंडी, हातातलं दावं, सगळं रेखीव. चेहऱ्याच्या जागी फक्त रेघा.

बाकी सगळ्या कथा मालनबाई विसरली. ही तेवढी राहिली. कोणती गोष्ट राहावी आणि कोणती जावी हे तिच्या हातात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

सुरुवातीला तो खेळच होता. रंगनाथ दूध घेऊन आला की ती दारातच विचारायची, "थांबा. आपलं लगीन कुठं लागलं?"

"खर्ड्याला. तुझ्या मामाच्या दारात."

"मांडव कशानं उडाला?"

"वावटळीनं. तुझ्या मामानं खांबाला मिठी मारली हुती."

मग ती खुदकन हसायची आणि बाजूला व्हायची. रंगनाथही हसायचा. मलिकाला सांगायचा, "रोज परीक्षा देऊन घरात यावं लागतंय बघ मला."

मग एक दिवस त्यानं हेच उत्तर दिलं आणि ती हसली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मांडव न्हाई उडाला," ती म्हणाली.

"अगं, उडाला की. मामानं खांब..."

"न्हाई उडाला." तिनं एक पाऊल मागं घेतलं. "तू कोन हायस?"

इतक्या वर्षांत ती त्याला कधी 'तू' म्हणाली नव्हती. रंगनाथच्या किटलीतलं दूध पायरीवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "मांडव न्हाई उडाला." तिनं त्याला घरात घेतलं. त्यानं तिची चुकीची उत्तरं पाठ करायला घेतली. लग्न खर्ड्याला नाही, जामखेडला झालं. मामा नव्हताच, काका होता. पहिली लेक सुरेखा नाही, आधी एक मुलगा झाला. तो निमूट सगळ्याला हो म्हणायचा, आणि आपण आपणच आहोत हे पटवायला दररोज आपलंच आयुष्य खोटं सांगायचा. मग तिची चुकीची उत्तरंही बदलायला लागली. सकाळी एक, दुपारी दुसरं.

"मांडव न्हाई उडाला," तो म्हणायचा.

"उडाला हुता!" ती किंचाळायची. "वावटळ आल्ती! एवढं बी म्हाईत न्हाई तुला!"

रंगनाथला वाटलं, सगळं त्या चित्रामुळं होतंय. एका दुपारी ती झोपली असताना त्यानं स्टुडिओतलं ब्लेड आणलं, ज्यानं तो पासपोर्ट फोटो कापायचा. माझी पाठ दाबून धरली आणि ते पान शिवणीपासून अलगद कापलं. मला दुखलं का? पानं गेली की पुस्तकाला दुखतंच. पण कापताना तो पुटपुटत होता, "जा बाबा, जा आता." मला वाटलं, जाऊ दे, एका पानानं या घराला सुख लागत असेल तर जाऊ दे. त्यानं ते चुलीत घातलं.

मालनबाई उठली. तिनं मला मांडीवर घेतलं आणि पानं चाळली. वाचता येणं तोवर संपलं होतं. ती चित्रांवरून हात फिरवायची. त्या जागी तिचं बोट कापलेल्या कडेवर थांबलं. कडेवरून ते वर गेलं, खाली आलं.

"हितला कुठं गेला?"

रंगनाथनं चुलीकडं बघितलं.

तिनं सावकाश मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं.

"भाईर आला व्हय रं तू?"

त्यानंतर त्या घरात मला शांतता अशी आठवत नाही. तिनं त्याला आत घेणं बंद केलं. तो परसात गेला की ती कडी लावायची. तो भर उन्हात पायरीवर बसून राहायचा. मलिका खिडकीतून तिची समजूत काढायची, "मालनताई, भाऊ हाईत हो. तुमचे मालक. उघडा."

"त्यो न्हाई, मलिका. तुला कळत न्हाई. तुझं बी दार लाव."

एकदा रंगनाथला आवरलं नाही. दाराला डोकं टेकून तो रडला. आत मालनबाई मला छातीशी घट्ट धरून कोपऱ्यात बसली होती. तिनं ते रडणं ऐकलं आणि मान डोलावली. "बघ," ती मला म्हणाली, "गोष्टीतल्यावानीच रडतंय. सेम त्यांच्यावानी."

मी तिच्या छातीशी होतो आणि तिचं काळीज माझ्या कव्हरावर धडधडत होतं. बाहेर तो. मधे एक लाकडी फळी. मी काय करणार होतो?

पुढं तिनं चहाचं आधण त्याच्या अंगावर फेकलं. हात भाजला. सुरेखा धावत आली, बापाच्या हाताची पट्टी बघितली, आईकडं बघितलं आणि आईची पिशवी भरली. मालनबाईनं कपडे, डबा, औषधं कशाकडंच बघितलं नाही. मला मात्र सोडलं नाही. असा मी संगमनेरला आलो.

सुरेखा शाळेत शिकवते, जावई दूध संघात जातो. दिवसा आईजवळ बसायला बनुबाई नावाची एक बाई ठेवली. मालनबाई तिथं शांत झाली. खिडकीशी बसायची, मला मांडीवर घेऊन. अधूनमधून विचारायची, "आमचे मालक कधी येनार?" रंगनाथ आला तेव्हा तिनं दारातच त्याला ओळखलं, आणि नवरा म्हणून नाही. आरडाओरडा झाला. तो पाणी न पिता परत गेला.

मग फोनवर सुरेखा त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही तुम्ही म्हणून येऊ नका. कुणीतरी बाहेरचे म्हणून या."

पुढच्या खेपेला दारात एक गृहस्थ उभा राहिला. मिसरूड फुटल्यापासून ठेवलेल्या मिशा त्यानं काढून टाकल्या होत्या. चष्मा दुसरा होता, केस मागं फिरवलेले. चेहरा कशानं बदलतो हे फोटोवाल्याइतकं कुणाला ठाऊक? मालनबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठले तुमी?"

"जामखेडचा."

"आगं बाई!" ती सरसावून बसली. "आमचे मालक तिकडंच असत्यात. फोटो काढत्यात. वळखता का त्यांना?"

"वळखतो की. चांगला मानूस हाय."

"चांगला कुठला! तिरसट हाय नुसता. भाजीत मीठ कमी पडलं की तोंड बघून घ्यावं." मग आवाज बारीक झाला. "पन माझ्यावर जीव हाय त्यांचा."

"लई हाय," रंगनाथ म्हणाला. "मला नेहमी सांगतो."

निघताना तिनं माझं एक पान धरलं आणि टरकन फाडलं. मी दचकलो. तिनं त्या पानाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "एवढं त्यांना द्या. म्हनावं, मालन वाट बघती. न्यायला या."

तो दर आठवड्याला येऊ लागला. जामखेडहून नगर, नगरला गाडी बदलून संगमनेर. समोरच्या खुर्चीत बसायचा आणि आपल्याच नवऱ्यावर तिच्याशी गप्पा मारायचा. ती त्याची गाऱ्हाणी त्यालाच सांगायची. तिनं कधी तोंडावर सांगितलं नव्हतं तेही सांगायची. एकदा म्हणाली, "ते पुस्तक वाचून दावायचे मला. वाचता येत न्हवतं धड, पन वाचायचे. मला ते वाचताना बघायला आवडायचं. गोष्टीकडं माझं ध्यानच नसायचं." रंगनाथ उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिला.

दर वेळी एक पान जायचं. तिकडं गेलेल्या पानांचं मला काही कळत नाही. सुरेखानं विचारल्यावर तो म्हणाला, "स्टुडिओच्या टेबलावर काचंखाली लावून ठेवल्यात." मी रोडावत होतो, तरी मला चालत होतं. माझ्या जन्मात माझं पान कुणी इतकं जपून नेलं नव्हतं. आपण संपेपर्यंत हे असंच चालावं, एवढंच मला वाटायचं.

चाललं नाही.

त्या दिवशी मालनबाईचं मन फार चांगलं होतं. बनुबाईनं केस विंचरून दिले होते. रंगनाथनं कुठल्याशा लग्नातल्या फोटोची गंमत सांगितली. नवरदेवाचा फेटा करवलीच्या डोक्यावर जाऊन बसला ती. मालनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही हसला. हसता हसता ती थांबली आणि डोकं कलतं करून त्याच्याकडं बघत राहिली.

"तुमी ना," ती म्हणाली, "हसता अगदी त्यांच्यावानी."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिथं जुनी ओढ होती, मागच्या दाराच्या उंबऱ्यावरची. रंगनाथनं ती पाहिली, आणि त्याच्यानं राहवलं नाही. कुणाच्यानं राहवलं असतं?

"मालन," तो म्हणाला, "मीच गं त्यो."

मालनबाई त्याच्याकडं बघत होती. क्षणभर मला वाटलं, कळलं तिला. मग तिचं बोट माझ्या आत शिरलं आणि चाचपत चाचपत त्या कापलेल्या कडेवर जाऊन थांबलं.

तिची किंकाळी ऐकून गल्लीतली माणसं दारात आली.

सुरेखानं बापाला अंगणात नेलं. मला आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कशाला बोललात, दादा? इतकं चांगलं चाललं होतं!"

"चुकलं, पोरी."

"आता ती तुम्हाला कुठल्याच रूपात घेणार नाही."

"म्हाईत हाय." तो पायरीवर टेकला. "तिनं एकदा मला म्हनून हाक मारावी आसं वाटलं. दुसऱ्याच्या नावानं किती बसायचं मानसानं?"

सुरेखा रडायला लागली. मग तिनंच त्याला काही दिवस न येण्याबद्दल विनवलं. त्या काही दिवसांचे आता महिने झालेत. बनुबाई सांगते, तो अजून संगमनेरला येतो. एसटी स्टँडवर बसून सुरेखाला फोन करतो, "जेवली का?" एवढंच विचारतो आणि परतीच्या गाडीत बसतो.

माझं म्हणाल तर कव्हर निखळलंय, शिवण उसवलीय, मधली पानं कुठली कुठं आहेत. सुरेखा मला रद्दीत घालणार होती, पण मला उचललं की मालनबाई हुंदके देते, म्हणून राहिलोय. ती आता फारशी बोलत नाही. खायला घातलं की खाते. नवऱ्याची आठवण काढणंही थांबलंय, निदान तोंडानं. वाचणारे डोळे गेले, ऐकणारे कान गेले. भयकथांच्या पुस्तकाला कुणी घाबरणारंही उरलं नाही.

एक मात्र ती विसरली नाही. आठवड्यातून कधीतरी, कुठला वार म्हणून नाही, ती माझं एक पान फाडते, घडी घालते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं हात पुढं करते. हात तसाच राहतो. दुखायला लागला की खाली येतो. पान फरशीवर पडतं, बनुबाई केर काढताना ते उचलते.

माझी आता थोडीच पानं उरलीत. तुमच्यापैकी जामखेडच्या बाजूला कुणी जाणार असेल, तर घटकाभर या घरात या आणि त्या खुर्चीत बसा. कोण, कुठले, विचारलं तर काहीही सांगा. ती देईल ते घ्या आणि खर्डा रस्त्याला बंद शटरच्या स्टुडिओत रंगनाथला नेऊन द्या. पान कुठलंही असेल, अर्धवट असेल, त्यात कुणाचा तरी खून पडत असेल किंवा भूत दार वाजवत असेल. त्याचं काही नाही. तो ते वाचणार नाही. तो फक्त घडी बघेल.